अकोल्याच्या उन्हात कूलर बसवताना

जठारपेठेत, सातव चौकापासून चालत पाच मिनिटांवर आमचं घर आहे. वर सिमेंटचा स्लॅब, समोरचा रस्ता पश्चिमेला, म्हणजे दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत ऊन थेट भिंतीवर. या घरात आजवर चार कूलर झाले. पहिले तीन नुसते विकत आणले आणि चालू केले. चौथा मात्र नीट विचार करून, मापं घेऊन बसवला.

2024 च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी 31 मेपर्यंत कलम 144 लावलं. कोचिंग क्लासवाल्यांना सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच वर्ग घ्यायला सांगितलं होतं. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. त्या आठवड्यात आमच्या बैठकीच्या खोलीतलं थर्मामीटर भर दुपारी 31 अंश दाखवत होतं. ते कशामुळे जमलं, ते क्रमाने सांगतो.

1. पैसे आधी गच्चीवर घाला.

वऱ्हाडातली जुनी घरं मातीच्या जाड भिंतींची आणि धाब्याची होती. दिवसभराचं ऊन त्या मातीत मुरायचं, आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. आपला सहा इंची स्लॅब तेच ऊन संध्याकाळपर्यंत पोटात भरून घेतो आणि रात्री आपल्या अंगावर सोडतो. रात्री अकरा वाजताही पलंगाच्या उशाला असलेल्या पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकवता येत नसे. मी कूलर बदलत राहिलो, भट्टी मात्र डोक्यावर पेटलेलीच होती.

आता दर मार्चमध्ये गच्ची झाडून कळीच्या चुन्याचे दोन हात देतो. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडं फेविकॉल घालायचं म्हणजे पायाला लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीबाहेर हिरवी जाळी बांधतो, पण काचेला चिकटून नाही, हातभर अंतर सोडून. कूलर बंद असतानाही खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो, हे मी माझ्याच थर्मामीटरवर पाहिलं आहे.

2. खरेदी फेब्रुवारीत.

मेअखेरीस नवतपा लागल्यावर दुकानात गेलात तर जो उरला असेल तो घ्यावा लागतो, आणि बसवायला माणूस मिळत नाही. यावर जास्त सांगायची गरज नाही.

3. खोली मोजून दुकानात जा.

तिसरा कूलर मी दुकानातला सगळ्यात मोठा पाहून आणला होता. त्याच्या आवाजात बाबांना रेडिओ ऐकू येईना. पाणी तो इतकं प्यायचा की आई त्याला हत्ती म्हणायची.

हिशेब सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटात घ्या, गुणाकार करा आणि निम्मे करा. दर मिनिटाला तेवढे घनफूट हवा लागते, म्हणजे दोन मिनिटांत खोलीतली सगळी हवा एकदा बदलते. आमची खोली 14 बाय 12, उंची 10. गुणाकार 1680, निम्मे 840. खोक्यावर आकडा ताशी घनमीटरमध्ये छापलेला असतो, म्हणून 840 ला 1.7 ने गुणायचं, येतात साधारण 1430. कूलरच्या बाजूंच्या ओल्या ताट्यांतून हवा ओढताना पंख्याचा जोर कमी पडतो, म्हणून मी 2000 च्या आसपासचा घेतला. तो पुरून उरतो.

पत्र्याचा घ्यायचा की प्लास्टिकचा? मी पत्र्याचा घेतला, कारण त्याचा कुठलाही भाग अकोल्यात कुणीही दुरुस्त करून देतो. पण पत्र्याचा गेज विचारा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. टाकीला आतून दरवर्षी रंग लागतो, नाहीतर तिसऱ्या वर्षी तळ गळायला लागतो. आणि पत्र्यात करंट उतरू शकतो. त्यावर शेवटी सविस्तर सांगतो, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

4. कूलर खोलीच्या बाहेर.

पहिला कूलर आम्ही बैठकीत कोपऱ्यात ठेवला होता. दारं-खिडक्या घट्ट लावून, पडदे ओढून सगळे त्याच्यासमोर बसायचो. पहिली पंधरा मिनिटं स्वर्ग. मग अंग चिकचिकायला लागायचं, अंथरुणं ओलसर, पापड सादळलेले. कूलर खराब निघाला असं समजून मिस्त्रीला बोलावलं. त्याने कूलरला हातही लावला नाही. खिडक्यांकडे पाहून म्हणाला, "भाऊ, थेच हवा फिरून फिरून राह्यली नं घरात. कोरडी हवा भेटनच कुठून याले?"

त्या एका वाक्यात सगळं विज्ञान आलं. कूलर थंडी तयार करत नाही. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं, आणि वाफ होण्यासाठी हवा कोरडी लागते. अकोल्याची मे महिन्यातली दुपारची हवा या कामाला सोन्यासारखी. 45 अंश तापमान आणि 12 टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर तीच हवा साधारण 28 अंशांवर आणून सोडतो. सतरा अंश! तोच कूलर जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, 35 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असताना जेमतेम 30 पर्यंत पोचतो आणि वर घाम सुकू देत नाही. बंद खोलीत कूलर ठेवला की आपण भर मे महिन्यात घरात जून आणतो.

म्हणून कूलर खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर. शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत. तिन्ही ताट्या आणि भिंत यांत दीड-दोन फूट मोकळी जागा. खिडकी आणि कूलर यांतली फट प्लायवूडने बुजवा, नाहीतर तिथून गरम झळ आत येत राहते.

5. हवेला बाहेरची वाट द्या.

नव्या माणसाला हे पटत नाही. उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवायची? होय, कूलरच्या समोरची. बाहेरून हवा आत ढकलली जाते, तेव्हा तितकीच आतली बाहेर गेली पाहिजे. ती जाईना की कूलर नुसताच घोंघावतो.

किती उघडायची हे ठरवायला मी उदबत्ती वापरली. कूलर चालू केला, समोरची खिडकी चार बोटं उघडली आणि उदबत्ती खोलीच्या मधोमध धरली. धूर तिथेच घुटमळला. वीतभर उघडली तेव्हा धुराची रेघ सरळ खिडकीकडे वळली आणि फटीतून बाहेर गेली. तिथे चौकटीवर पेन्सिलने खूण केली. ती खूण अजून आहे. रात्री झोपायच्या खोलीकडे थंडावा हवा असेल तर बैठकीची खिडकी लावून त्या खोलीची उघडायची. हवा आपोआप तिकडे चालायला लागते.

6. पाण्याचा हिशेब कूलरआधी.

आमच्याकडे काटेपूर्णेचं, महानच्या धरणाचं पाणी येतं. उन्हाळ्यात नळ चार-पाच दिवसांआड. अशा घरात कूलर किती पाणी पितो हे माहीत असलंच पाहिजे. मी एक दिवस पंधरा लिटरची बादली घेऊन मोजलं. दुपारी बारा ते सहा, सहा बादल्या. तासाला 15 लिटर.

आकडा मोठा वाटतो, पण त्या पाण्याचं काम पाहा. एक लिटर पाण्याची वाफ होताना विजेच्या जवळजवळ 0.67 युनिटाइतकी उष्णता शोषली जाते. म्हणजे तासाला दहा युनिट उष्णता ते 15 लिटर ओढून नेतात, आणि पंखा व पंप मिळून वीज खातात पाव युनिटाहून कमी. दीड टनाच्या एसीला तासाला सव्वा-दीड युनिट लागतं. घरात आजारी किंवा फार वृद्ध माणूस असेल तर जूनच्या दमट दिवसांसाठी एका खोलीत एसी असावा, या मताचा मी आहे. पण एप्रिल-मे साठी आपल्या हवेत कूलरच खरा.

अंघोळीचं, भाज्या धुतल्याचं पाणी कूलरमध्ये घालू नका. साबण आणि कचरा दोन दिवसांत पंप चोक करतात.

बोअरच्या पाण्याबद्दल वेगळं सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत खारट भूजलाचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरचं पाणी कूलरमध्ये घातलं तर वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार सगळे मागे राहतात. दहा दिवसांत ताटीवर पांढरा थर चढतो, गवत लाकडासारखं कडक होतं, हवा जाईनाशी होते. माझ्या मावसभावाचं घर त्या पट्ट्यात आहे. तो दर तिसऱ्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करून नवं पाणी भरतो. नुसतं वरून भरत राहिलं तर क्षार दाट होत जातात.

7. ताटी.

वूडवूलची ताटी स्वस्त, एका उन्हाळ्याची. हनीकॉम्ब महाग, पण दोन-तीन उन्हाळे टिकतं. दोन्ही चालतात. पाणी ताटीच्या पूर्ण रुंदीवर सारखं उतरतंय का एवढं मात्र रोज पाहा. वरच्या नळीचं एक भोक बुजलं तरी तिथे खालपर्यंत कोरडा पट्टा पडतो, आणि हवा शहाणी असते, ती त्याच कोरड्या वाटेने गरमच आत शिरते. मी दर रविवारी भोकांत सुई घालतो.

8. रविवारी टाकी कोरडी.

डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. पाणी बदललं म्हणजे झालं असं मीही समजत होतो. पण अंडी पाण्याच्या रेषेजवळ टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून काथ्याने घासायचं, आणि कूलर काढून ठेवतानाही घासूनच ठेवायचा. निघालेलं पाणी कडुनिंबाच्या मुळाशी घालतो.

9. अर्थिंग.

2009 च्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी आई कूलरमध्ये पाणी भरत होती. एका हातात नळी, दुसरा हात टाकीच्या कडेवर, पायाखाली ओली फरशी, पायात काही नाही. मी आतून तिचा आवाज ऐकला. तो अजून कानात आहे. झटक्याने ती मागे फेकली गेली, म्हणून वाचली. हात चिकटून राहिला असता तर पुढचं लिहायला माझ्याकडे शब्द नसते.

कूलरच्या वायरीला तीन पायांची पिन होती. बोर्डालाही तिसरं भोक होतं. म्हणून आम्ही निर्धास्त होतो. बोर्ड उघडून पाहिला तेव्हा त्या तिसऱ्या भोकामागे हिरवी वायर कापून तशीच लोंबत ठेवलेली दिसली. ज्याने फिटिंग केलं त्याने ती कुठेच जोडली नव्हती. पंपाच्या वायरीचं आवरण पाण्यात राहून फुटलं होतं आणि करंट पत्र्यात उतरला होता.

त्यानंतर अंगणात नवीन अर्थिंग घेतलं. खड्डा, त्यात पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून त्या खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओततो. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवलं. करंट अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत जायला लागला की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतं. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. पंपाची वायर दरवर्षी नवी. आणि घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, एकच नियम: पाणी भरायच्या आधी बटण बंद, पिन बाहेर, पायात चप्पल.

वऱ्हाडात एकही उन्हाळा असा जात नाही की कूलरच्या करंटने कुणी गेल्याची बातमी पेपरात येत नाही. त्यात लहान मुलं असतात, घरातल्या बाया असतात, कारण पाणी भरायचं काम त्यांच्याकडेच असतं. चुना, ताटी, खिडकी यांतलं काही राहिलं तर फार तर थोडं उकडेल. पण आज संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला बोलवा, बोर्ड उघडायला लावा आणि हिरवी वायर जोडलेली आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तोवर कूलर बंद ठेवा.