पिंगुळीला जाण्याआधी फोन करा

आमचा बेत असा होता: सकाळी आंबोली, दुपारी सावंतवाडी आणि संध्याकाळी कुडाळला गाडीत बसण्याआधी तासाभरात पिंगुळी. तासाभरात पिंगुळी! आज लिहितानाही ओशाळायला होतं.

जुलैतला रविवार. आंबोली घाटात मोठ्या धबधब्याजवळ गाड्यांची अशी रांग लागली होती की तिथून सुटायलाच दोन वाजले. धबधबा पाहिला म्हणजे छत्र्या, भाजलेली कणसं आणि ओलेत्या लोकांच्या पाठी पाहिल्या. सावंतवाडीत चितारआळीतून धावत गेलो; लाकडी फळं घ्यायची राहिली, राजवाड्यातला गंजिफा बघायचा राहिला. दशावतारी गंजिफाचे 120 गोल पत्ते, एकेका अवताराचे बारा, हे मी घरी येऊन वाचलं. तिथे उभं राहून बघायचं ते.

पिंगुळी कुडाळला अगदी लागून आहे. तिथल्या ठाकर समाजातल्या काही घरांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. 2021 साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि आमच्यासारख्या पुण्या-मुंबईच्या लोकांना गावाचं नाव कळलं. आम्ही गेलो ते घर दुसरं. न कळवता, ओल्या रेनकोटांसकट, पाच वाजता. घरातली माणसं लावणी आटोपून नुकतीच शेतातून आली होती, पायांचा चिखलही सुकला नव्हता.

म्हाताऱ्या आजोबांनी आम्हाला बघून एवढंच म्हटलं, "फोन करूक व्हयो होतो." तरी आत गेले आणि पोथी घेऊन आले. चित्रकथीची पोथी शिवलेली नसते. एका आख्यानाची चित्रं, पाठीला पाठ चिकटवलेली, एकावर एक रचून ठेवतात. कथेकरी गात गात एकेक उचलून समोर धरतो. आजोबांनी हनुमंताचं चित्र काढलं. बाजूने दिसणारा चेहरा, पण डोळा अख्खा, टपोरा, तुमच्याकडेच लागलेला. मला राहवलं नाही. पुढचं चित्र बघायला मी हात पुढे केला आणि रेनकोटाच्या बाहीतून पाण्याचा थेंब कागदाच्या कडेवर पडला.

आजोबा काही बोलले नाहीत. खांद्यावरच्या पंच्याने थेंब टिपला, घासला नाही, आणि पोथी माझ्यापासून लांब, आपल्या डाव्या हाताला ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यावर कडी म्हणजे निघताना माझ्या मित्राने एका छोट्या चित्राच्या किमतीत घासाघीस केली. दोन दिवसांचं काम, आणि आम्ही आदल्या रात्री जेवणावर त्याच्या दुप्पट उडवले होते. गाडीही चुकली. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, आमच्याकडे होतं ते उन्हाळ्यातलं.

म्हणून सांगतो, आधी फोन करा आणि काय बघायचंय ते स्पष्ट सांगा. चामड्याच्या बाहुल्यांना अंधार लागतो. पडद्यामागे दिवा, आणि चामड्यात कोरलेल्या बारीक भोकांतून येणारा उजेड, यातच त्या जिवंत होतात. दुपारी उन्हात हातात घेऊन काही कळत नाही. खेळ बघायचा तर त्याचे पैसे आधी ठरवा, मग तोंडातून चकार शब्द काढू नका. हात कोरडे ठेवा. चित्र घेतलंत तर गुंडाळायला कडक नळकांडं घरून न्या, पावसाळी पिशवीत नुसतं कोंबू नका.

आणि पावसाळा टाळता आला तर टाळा. जुलैत तारकर्लीची जलक्रीडाही बंद असते. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात, रात्रभर दशावतार रंगतो. भटकायचंच असेल तर मी आंबोलीपेक्षा धामापूर सुचवेन. 1530 च्या सुमाराचा तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती माड-पोफळी. 2020 मध्ये जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत त्याचं नाव गेलं, तरी सकाळी आठ वाजता तिथे धुण्याच्या आवाजाखेरीज काही नसतं. पोहायला मात्र उतरू नका.

आम्ही नोव्हेंबरात परत गेलो, आठवडाभर आधी फोन करून. या वेळी मुक्काम कुडाळातच, आणि पूर्ण संध्याकाळ मोकळी. आजोबांनी ओळखलं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी टॉवेल पुढे केला. बाहेर पावसाचा टिपूस नव्हता. घरातल्या सगळ्यांना हसू आवरेना, मी मात्र निमूट हात पुसले आणि भिंतीला टेकून बसलो. मग त्यांनी पोथी सोडली.