कारतलबखान होताना

दिवाळीत किल्ला करणं हे कसबा पेठेत वाढलेल्याला शिकवावं लागत नाही. विटा रचा, वर पोती टाका, चिखल थापा, अळीव पेरा, झालं. आमचा उद्योग त्याच्या एक पायरी पुढचा होता. किल्ला नुसता मांडायचा नाही, त्यावर लढाई खेळायची. प्रसंग ठरला उंबरखिंडीचा, फेब्रुवारी १६६१ चा: कोकणात उतरणाऱ्या मोगल सरदार कारतलबखानाला शिवाजी महाराजांनी खिंडीत कोंडलं तो. केस पांढरे झालेला माणूस बाहुल्या घेऊन बसलाय म्हटल्यावर गल्लीत जे बोललं जायचं ते बोललं गेलं. मी आपला माती चाळत राहिलो. त्या तयारीत जे कळत गेलं, ते सांगतो.

१. शत्रू विकत मिळत नाही. कुंभारवाड्यात मावळे ढिगानं असतात: भालेवाले, ढालवाले, तुतारीवाले. सिंहासनावरचे महाराज तर चार आकारांत. मोगल मागितले तर मावशी हसल्या. “दादा, त्यांना कोण घेणार?” खरंच होतं ते. आपल्या अंगणातल्या लढायांत एकच बाजू असते, आणि ती आधीच जिंकलेली असते. शेवटी मावळेच आणले आणि त्यांना जामे रंगवायला बसलो. मग ‘शिवभारत’ या शिवकालीन काव्यातली कारतलबखानाच्या सरदारांची नावं नीट वाचली. कछप, अमरसिंह चव्हाण, मित्रसेन, माहूरची रायबागन. आणि त्यांच्याच ओळीत सर्जेराव गाढे, जसवंतराव कोकाटे, जाधवराव. म्हणजे मोगलांच्या फौजेतल्या कितीतरी बाहुल्यांना रंगाचं बोटही लावायची गरज नव्हती. पागोटं तेच, भाला तोच. भाच्यानं विचारलं, “मामा, मग हे नक्की कुणाचे?” मी त्याला ब्रश धुवायला पाठवलं.

२. सगळे विचारतात, घराजवळचा लाल महाल सोडून उंबरखिंड कशाला? प्रश्न रास्त आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी तिथे शाहिस्तेखानावर छापा घातला, ते आमच्या पेठेतलं. पण तो छापा घरात, अंधारात, काही घटकांत उरकलेला. मूळ वाडा राहिलेला नाही. आजची वास्तू महापालिकेनं अलीकडे उभारलेली. कुठली खोली कुठे होती ते कळल्याशिवाय भिंत कुठे घालणार? शिवाय उंबरखिंडही अगदी परकी नाही. कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं शाहिस्तेखानानंच, आणि तेव्हा शाहिस्तेखानाचं ठाणं पुण्यात होतं. माझ्या टेबलावर उतरणारी फौज निघाली ती इकडूनच.

३. प्रमाण हा फार निर्दय प्रकार आहे. कुंभारवाड्यातलं चित्र साधारण दोन इंचांचं. त्या हिशेबानं घाट करायचा तर कुरवंड्याचा माथा आणि खालचं चावणी गाव यांत पाचशे मीटरच्या आसपास उतार. म्हणजे टेबलावर पंधरा मीटरचा डोंगर, पाच मजली इमारतीएवढा. तेव्हा माणसं एका मापानं आणि डोंगर दुसऱ्या मापानं, अशी तडजोड केली. लहानपणी महाराज बुरुजापेक्षा उंच असत आणि कुणाला खुपत नसे, तीच परंपरा म्हणायची. खरी पंचाईत संख्येत झाली. मोगलांचा आकडा कुणी वीस हजार सांगतं, कुणी त्याहून जास्त. मराठे हजारभर होते असं सर्रास म्हटलं जातं. मी वीस हजार धरले आणि एका बाहुलीमागे दोनशे माणसं मोजली. मोगलांच्या शंभर बाहुल्या झाल्या. मराठ्यांच्या पाच.

पाच बाहुल्या टेबलावर ठेवून बघा. पुस्तकात वाचताना हजार हा भरभक्कम आकडा वाटतो, इथे त्या पाचजणांची दया येते. भाचा रुसला, आणखी मावळे घे म्हणाला. मला मात्र तिथेच पहिल्यांदा जाणवलं की ही लढाई माणसांनी माणसांशी केलेली नाहीच. ती वाटेनं केली. दुसरा गणिताचा खेळ मग आपोआप सुचला. वीस हजार माणसं एकामागे एक चालली आणि माणसामागे फक्त एक मीटर धरला, तरी वीस किलोमीटरची रांग होते. घोडे, बैल, सामान वेगळं. कसब्यातून निघालेल्या अशा रांगेचं तोंड आळंदीच्या आसपास पोचलं, तरी शेपूट इथेच पाणी पीत असेल. पुढे काय झालं ते मागच्यांना कोण सांगणार?

४. नकाशा पाहून डोंगर करता येतो, वाट करता येत नाही. त्यासाठी कुरवंड्याहून नागफणीच्या बाजूनं खाली चावणीपर्यंत उतरलो. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. बोरघाट सोडून कारतलबखान ह्या वाटेला लागला. इथे पुढच्याची पाठ दिसते आणि आजूबाजूला झाडी, एवढंच जग असतं. शिवभारतातल्या वर्णनातली अरुंद वाट आणि कोंदलेलं रान तोवर मला काव्य वाटत होतं. घरी येऊन टेबलावरची वाट निम्मी केली, एकच बाहुली मावेल एवढी. अळीवही उपटलं. फेब्रुवारीत कुठलं एवढं हिरवं गवत? भुसा पिवळा रंगवून पसरला आणि वाळलेल्या तुळशीच्या काड्यांचं रान रोवलं. सगळ्यात जास्त वेळ ह्या रानानं खाल्ला, आणि खावाच. पाच बाहुल्यांची बाकीची फौज म्हणजे ते रानच होतं.

५. दिसत नाही ते टेबलावर कसं ठेवायचं? मराठे झाडीत लपलेले. बाहुल्या ठेवल्या की खेळच संपला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून घरच्या जमिनीवर लढाया खेळायचे नियम घालून दिले. त्यांत खेळण्यातल्या तोफेनं शिपाई खरोखर पाडायचे. मजेदार, पण सगळं उघड्यावर. माझ्या कामाला आला तो त्याहून जुना प्रशियाचा खेळ. राइसवित्झ नावाच्या तिथल्या लष्करी अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. त्यात मधे पंच असतो. दोन्ही बाजू त्याला चिठ्ठ्या देतात, आणि तुला काय दिसतंय एवढंच तो प्रत्येकाला सांगतो. आमच्याकडे पंच झाली आई. शेंगा सोलता सोलता तिनं चिठ्ठ्या डब्याखाली ठेवल्या आणि अशी काही गंभीर झाली की मी सहज विचारलं, “उजवीकडच्या झाडीत कुणी आहे का गं?” तर म्हणाली, “तुझ्या माणसाला जाऊन बघू दे.” माणूस गेला. परत आला नाही.

६. फाशांपेक्षा कवड्या बऱ्या. एका फाशावर एकही पडतो आणि सहाही, सारख्याच सहजपणे. माणसं अशी एकदम भेदरत नाहीत. सहा कवड्या टाकल्या तर बहुतेक वेळा दान दोन, तीन, चारच्या आसपास पडतं. सगळ्या पालथ्या पडणं विरळाच, कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरलं तर चौसष्टात एकदा. त्या एकदाला मी नाव दिलं, ‘धीर सुटला’. नियम म्हणून एवढा पुरला.

७. कारतलबखान व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी झालो. इथे सगळ्यात मोठा पेच. मला इतिहास माहीत आहे. मी त्या खिंडीत शिरेनच कशाला? बोरघाटानं गेलो तर भाचा म्हणणार, ही उंबरखिंडच नाही, आणि ते बरोबर. पुष्कळ डोकं खाजवून ठरवलं की खेळ सुरू होतो तेव्हा फौज खिंडीत शिरलेली आहे, पुढचं तोंड बंद झालंय, मागचंही. मग खानाच्या हातात उरतं काय?

उरतं फक्त कधी थांबायचं ते. शिवभारतात रायबागन कारतलबखानाला सुनावते की या रानात शिरलास इथेच चुकलं, आता शरण जा. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत ही बाई मला आठवतच नाही. आता खानाच्या जागी बसल्यावर टेबलावरच्या शंभरांत शहाणी दिसली ती तीच. तिची बाहुली मात्र बाजारात कुठून असणार? गवळणीच्या डोक्यावरचा हंडा काढून तिला घोड्यावर बसवली. पहिल्या डावात मी तिचं ऐकलं नाही, लढत राहिलो, कारण हरणं अंगावर येतं, बाहुल्यांचं असलं तरी. पुढच्या डावात ऐकलं.

आणि मग नियमांत भोक सापडलं. खऱ्या लढाईत खानानं शरणागती पत्करली, सामान-हत्यारं टाकली आणि उरलेल्या फौजेला जाऊ दिलं गेलं. माझ्या नियमांत सोडून देण्यासाठी जागाच नव्हती. सगळे गुण पडलेल्या बाहुल्यांचे. मग नवं कलम घातलं: परत घाट चढून गेलेल्या प्रत्येक बाहुलीमागे खानाला एक गुण, आणि खिंडीत राहिलेल्या प्रत्येक गाठोड्यामागे मराठ्यांना दोन. भाच्याला हे साफ नामंजूर आहे. हरलेल्याला गुण कसले, असं त्याचं म्हणणं. पंचांकडे दाद मागितली, तर पंचांनी आधी टेबल रिकामं करा म्हणून सांगितलं, चकल्या पसरायच्या होत्या.