झाकली मूठ आणि जुनी व्होल्वो

‘स्लीपर’ म्हटलं की आपल्याला रेल्वेचा डबा आठवतो, नाहीतर बाथरूमच्या दाराशी काढलेली रबरी चप्पल. मोटारींच्या जगात या शब्दाचा तिसराच अर्थ आहे. बाहेरून जुनी, साधी, कुणी वळूनही बघणार नाही अशी गाडी आणि बॉनेटखाली मात्र भल्याभल्या स्पोर्ट्स कारना मागे टाकणारं इंजिन, अशा गाडीला स्लीपर म्हणतात. हा शब्द अमेरिकेकडचा. इंग्लंडात अशा गाडीला ‘क्यू-कार’ असंही नाव आहे, आणि साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला त्या नावामागची गोष्ट जास्त आवडली.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश मालवाहू जहाजं बुडवत होत्या. छोट्या, जुनाट जहाजावर महागडा टॉर्पेडो कशाला वाया घालवा, म्हणून पाणबुडी वर यायची आणि तोफेनं काम भागवायची. ब्रिटिश नौदलानं याचाच फायदा घेतला. जुन्या मालवाहू जहाजांवर लाकडी फळ्यांआड तोफा लपवल्या, खलाशांना साधे कपडे घातले आणि ही जहाजं समुद्रात सोडली. पाणबुडी जवळ आली की फळ्या खाली पडायच्या आणि तोफा सुरू व्हायच्या. त्यांना ‘क्यू-शिप’ म्हणत. यातला एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. खोट्या निशाणाखाली फिरायला मुभा होती, पण गोळी झाडण्याआधी स्वतःचं खरं निशाण वर चढवावंच लागे. सोंग किती वेळ आणि कोणापुढे करायचं, याला मर्यादा होती.

आपल्या म्हणी या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलतात. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ आणि ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ या दोन्ही म्हणी लपवणाऱ्याकडे संशयानं बघतात. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण झाकण्याला किंमत देते, पण तिच्यात एक गंमत आहे: मूठ उघडली तर आत काही नसेलही, अशी शंका तिच्या पोटातच आहे. स्लीपर म्हणजे खरोखर सव्वा लाख आत असलेली झाकली मूठ. मराठीत यासाठी नेमकी म्हण मला सापडली नाही. मंडळातल्या कुणाला आठवली तर जरूर सांगा.

आता गाडीकडे. स्टेशन वॅगन म्हणजे छत थेट मागच्या टोकापर्यंत नेलेली, सामानासाठी लांब पोट असलेली कुटुंबाची गाडी. भारतात ती फारशी रुजली नाही. टाटांनी १९९२ मध्ये ‘इस्टेट’ आणली, मारुतीनं पुढे ‘बलेनो अल्ट्युरा’ आणली, पण आपल्या लोकांना डिकी वेगळी दिसणारीच गाडी हवी होती. युरोपात मात्र मुलं, कुत्रा, शिडी, किराणा हे सगळं वॅगनमध्येच जातं, म्हणून वेगाच्या संदर्भात तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. व्होल्वोनं १९९४ मध्ये ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत चक्क ‘८५०’ इस्टेट शर्यतीला उतरवली. टॉम वॉकिनशॉ रेसिंगनं तयार केलेल्या या गाड्या रिकार्ड रायडेल आणि यान लॅमर्स चालवत होते. एकदा शर्यतीआधीच्या फेरीत त्यांनी मागच्या काचेतून दिसेल असा एक भलामोठा खेळण्यातला कुत्राही बसवला होता म्हणे. पुढच्या वर्षी हवेचा दाब वाढवणारे पंख लावायला परवानगी मिळाली आणि संघ सेडानकडे वळला. अभिनेता पॉल न्यूमन स्वतः शर्यतपटू होता, १९७९ च्या ल माँ शर्यतीत त्याचा संघ दुसरा आला होता. त्याच्याकडे फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलेली व्होल्वो वॅगन होती. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा बाजारात चाललाय.

मला हे सगळं कळलं ते माझ्या मावसभावामुळे. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले गोवेकर इंग्लंडातल्या स्विंडनमध्ये पुष्कळ आहेत, त्यांत आमची मावशीही. काकांनी सेकंडहँड घेतलेली १९९५ ची व्होल्वो ९४० इस्टेट तिथे अजून घरात आहे. रविवारी मिस्सेला मावशी तिच्यातूनच जाते. मावसभाऊ दीड वर्षापासून या गाडीची स्लीपर करतोय आणि आठवड्याला व्हिडिओ कॉलवर मला बॉनेटखालचं दाखवतो. इथे बेळगावात उद्यमबागेत लेथचं काम करणारे आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्याचं काही समजलं नाही तर मी त्यांना विचारते.

मिस्त्रींचा पहिला प्रश्न होता, “बोअर मारणार काय?” म्हणजे सिलिंडर घासून मोठा करणार का. इथे त्याची गरज नाही. या गाडीतलं २.३ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, लाल रंग दिलेल्या ब्लॉकमुळे ज्याला ‘रेडब्लॉक’ म्हणतात, मुळातच दणकट आहे. पट्टा तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. याच इंजिनाच्या दोन टर्बो आवृत्त्या होत्या. कमी दाबाच्या टर्बोची साधारण १३५ अश्वशक्ती आणि पूर्ण दाबाची १६० च्या आसपास. काकांनी घेतलेली कमी दाबाची. म्हणजे कंपनीनंच जास्त ताकदीची जागा आत ठेवलेली आहे, ती फक्त वापरलेली नाही.

टर्बोचं तत्त्व सोपं आहे. बाहेर जाणाऱ्या गरम धुरानं एक चक्र फिरतं, ते चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा, तिच्या मापात जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण दाबली की हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच, भलत्या वेळी आपोआप पेटू शकतं. त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर आतून हातोडे पडतात असं समजा. म्हणून दाब वाढवायचा तर हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा हवा, इंजेक्टरनं पेट्रोल पुरेसं सोडायला हवं आणि ठिणगीची वेळ ठरवणारी चिपही बदलायला हवी. एकच गोष्ट बदलली की बाकीच्या दोन रागावतात.

गंमत म्हणजे यातलं काहीच त्यानं आधी केलं नाही. पहिल्या महिन्यात त्यानं काही पौंडांचा एक प्लास्टिकचा तुकडा बदलला. इंजिनाच्या पोटात साठणारी वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीत या गाड्यांना एक छोटा ‘फ्लेम ट्रॅप’ असतो. तेलाच्या काजळीनं तो तुंबतो, आत दाब वाढतो आणि मग तेल मागच्या सीलमधून वाट काढतं. तुंबलेल्या इंजिनावर टर्बोचा दाब वाढवणं म्हणजे झाकण घट्ट लावलेल्या पातेल्याखाली जाळ वाढवणं. त्यानंतर रेडिएटर, सगळ्या रबरी नळ्या, टायमिंग बेल्ट, मागच्या अॅक्सलचे बुश, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर. सहा महिने झाले तरी गाडी पूर्वीइतकीच सुस्त होती. त्याच्या मित्रांना हा प्रकार हास्यास्पद वाटतो. मला तो या कामातला सर्वांत चांगला भाग वाटतो.

मग ब्रेक. गाडीचं वजन दीड टनाच्या आसपास. ताशी ५० मैलांवरून ७० मैलांवर गेलो तर वेग दीडपटही वाढत नाही, पण थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि जुनं झालं की कमी तापमानाला उकळतं. उकळलं की पेडल पायाखाली मऊ पडतं. त्यानं ऑइल बदललं, फुगलेल्या रबरी नळ्यांच्या जागी स्टीलची जाळी असलेल्या नळ्या घातल्या, कॅलिपरच्या अडकलेल्या पिना सोडवल्या. खरी पंचाईत इथून पुढे. मोठी डिस्क घालायची तर मोठं चाक लागतं, आणि मोठं चमकतं चाक दिसलं की सोंग उघडं पडतं. त्यानं व्होल्वोचीच जुनी चाकं ठेवली आणि त्यांच्या आत मावेल तेवढीच डिस्क घेतली. म्हणजे ताकद किती वाढवायची हे शेवटी चाकाच्या मापानं ठरवलं. २०० च्या पुढे जायचं नाही, असं त्यानं लिहून ठेवलंय.

आवाज हा दुसरा चुगलखोर. धुराची नळी थोडी रुंद केली, पण सायलेन्सर मोठा आणि शांत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावला नाही, कारण दरवर्षीच्या एमओटी तपासणीत १९९५ च्या पेट्रोल गाडीचा धूर मोजतात. गाडी खाली बसवली नाही. दारावरचा ओरखडा, मागचं कुत्र्याचं जाळं, छतावरचे दांडे सगळं जागच्या जागी.

आमचा वाद झाला तो विम्यावरून. तिकडे गाडीत केलेला बदल विमा कंपनीला सांगावा लागतो. सांगितला की हप्ता वाढतो, आणि न सांगता अपघात झाला तर कंपनी भरपाई नाकारू शकते. त्याचे काही मित्र म्हणतात, बाहेरून कळतच नाही तर सांगायचं कशाला? माझं मत मी त्याला स्पष्ट सांगितलं. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या बीएमडब्ल्यूवाल्यापासून लपवणं ही थट्टा आहे. विमा कंपनीपासून लपवणं म्हणजे गाडीखाली येऊ शकणाऱ्या अनोळखी माणसापासून लपवणं, आणि शेजारच्या सीटवर जपमाळ घेऊन बसणाऱ्या मावशीपासून लपवणं. क्यू-शिपलाही गोळीआधी निशाण चढवावं लागत होतं. तो म्हणाला, “तू साहित्यवाली, तुला सगळीकडे रूपक दिसतं.” पण दोन दिवसांनी त्यानं कंपनीला पत्र पाठवलं. मावशीला त्यानं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “ब्रेक आधी केलेस ना?”

आपल्याकडे हा वाद इतका लांबणारच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही घातली. जुन्या जीपला भलतंच इंजिन बसवून फिरणारे आपल्या भागातही दिसतात. त्यांतल्या किती जणांनी आधी ब्रेक बघितले, हा माझा प्रश्न आहे.

विमा कंपनीचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. हप्ता वाढला, पण बदल मान्य झाले. चिप अजून पाकिटातच आहे. नव्या ब्रेक पॅडवर थोडं अंतर सावकाश चालवायचं, मग एमओटी, मग चिप, असा त्याचा क्रम ठरलाय. तोपर्यंत गाडी १३५ अश्वशक्तीवरच मिस्सेला जाते.