गोंदण, कानटोचणी आणि धम्मदृष्टी

आपल्या वसतिगृहातून बारावी होऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या वंदनेसाठी आला होता. त्याने पोटरीवर तथागतांचे मुख गोंदवून घेतले होते आणि आखूड विजारीमुळे ते सर्वांच्या दृष्टीस पडत होते. एका ज्येष्ठ उपासकांनी त्याला चारचौघांत खडसावले. मुलगा वंदना न करताच परत गेला. तेव्हापासून पालक विचारत असतात : बौद्धाने गोंदवून घेणे धम्माविरुद्ध आहे काय? मुलींचे कान-नाक टोचावेत की नाही? स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा मुळापासून विचार करू.

गृहस्थासाठी पंचशील आहे. हिंसा, चोरी, मिथ्याचार, असत्य आणि मद्यपान यांपासून विरत राहण्याचा तो संकल्प आहे. त्वचेवर काय काढावे आणि कानात काय घालावे, याविषयी त्यात एक अक्षरही नाही. म्हणून गोंदवणाऱ्याला ‘शीलभ्रष्ट’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारा उपासक माळा, सुगंध आणि अलंकार यांपासून दूर राहतो. परंतु तो त्या दिवसापुरता, स्वेच्छेने स्वीकारलेला संयम असतो.

भिक्षूंची गोष्ट वेगळी. षड्वर्गीय भिक्षू कर्णभूषणे, साखळ्या, कडी आणि अंगठ्या घालू लागले, तेव्हा लोक त्यांना कामभोगी गृहस्थांप्रमाणे वागणारे म्हणून हसू लागले, आणि भगवंतांनी या वस्तूंना मनाई केली, अशी हकीकत विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. येथे निषेध अलंकाराचा आहे, छिद्राचा नाही. हा भेद डोळ्यांनी पाहायचा असेल तर अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात जावे. तेथे भिंतीवरचा पद्मपाणी बोधिसत्त्व मुकुट, मोत्यांची माळ आणि कर्णभूषणे यांनी नटलेला आहे. गाभाऱ्यातील बुद्धमूर्तीच्या अंगावर मात्र एकही दागिना नाही. उरल्या आहेत त्या कानांच्या लांब, रिकाम्या पाळ्या. राजपुत्र असताना घातलेल्या जड कुंडलांची ती खूण, असा त्यांचा अर्थ सामान्यतः लावला जातो. कुंडले गेली, खूण राहिली आणि त्या खुणेने काही बिघडले नाही.

विनयातील दुसरा संदर्भ अधिक विचार करायला लावणारा आहे. महावग्गात प्रव्रज्येसाठी अपात्र ठरणाऱ्यांमध्ये ‘लक्खणाहत’ म्हणजे शिक्षा म्हणून शरीरावर डागलेला मनुष्य सांगितला आहे. प्रथमदर्शनी हा नियम आपल्याला खुपतो. निदान मला तरी अनेक वर्षे खुपत होता. परंतु संघ लोकांच्या भिक्षेवर जगत होता आणि राजदंड चुकवणाऱ्यांचे तो आश्रयस्थान होऊ नये, ही त्यामागची दृष्टी होती. ज्या अंगुलिमालाच्या प्रव्रज्येमुळे लोक भयभीत झाले आणि कुख्यात चोराला दीक्षा देऊ नये असा नियम झाला, त्या अंगुलिमालाला मात्र संघाने बाहेर काढले नाही. तो अर्हत झाला. तेव्हा संघप्रवेशाचे नियम म्हणजे मनुष्याच्या योग्यतेवरचा अंतिम निकाल नव्हे.

डाग दुसऱ्याने दिला की आपण घेतला, हा प्रश्न आपल्या समाजाला तरी नवा नाही. डिसेंबर 1927 च्या महाड परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांशी जे भाषण केले, त्यात लुगडे नेसण्याच्या पद्धतीवर आणि अंगभर घातलेल्या कथलाच्या, चांदीच्या दागिन्यांवर त्यांचा रोख होता. ज्या वेशावरून अस्पृश्य म्हणून ओळख पटते, तो टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. दागिना वाईट म्हणून नव्हे, तर तो जातीची पाटी झाला होता म्हणून. आपल्या आज्यांच्या कपाळावरचे, हनुवटीवरचे हिरवे ठिपके त्याच काळातले. मेल्यावर सोने येथेच राहते, गोंदण तेवढे सोबत येते, असे त्यांना सांगितले गेले होते. मूल जगावे म्हणून मुलाचे नाक टोचून त्याचे नाव नथू ठेवण्याची रीतही होती. 14 ऑक्टोबर 1956 नंतर नवसाच्या या रीतींना आपल्या घरांत थारा असू नये, हे उघड आहे. मात्र आजीच्या गोंदणाला हसू नये. तिला विचारून ते काढले गेले, असे फार क्वचित घडले असेल.

आज मुले मनगटावर ‘जय भीम’, अशोकचक्र किंवा बाबासाहेबांची स्वाक्षरी गोंदवून घेतात. जे नाव सांगताना त्यांच्या आजोबांना आवाज खाली घ्यावा लागत होता, ते मुले बाहीबाहेर मिरवतात. यात मला उथळपणा दिसत नाही. मात्र थायलंडमधील बांग फ्रा विहारात भिक्षू स्वतः ‘साक यंत’ गोंदतात आणि त्यामुळे शस्त्राचा वार लागत नाही, असे पुष्कळ भाविक मानतात. बौद्ध देशातील रीत असली तरी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तिचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

पोटरीवरील बुद्धमुखाची बाब मात्र वेगळी. 2014 मध्ये दंडावर बुद्धप्रतिमा गोंदवलेल्या एका ब्रिटिश पर्यटक महिलेला श्रीलंकेत अटक करून मायदेशी धाडण्यात आले. पुढे तेथील सर्वोच्च न्यायालयानेच तिला नुकसानभरपाई मंजूर केली. म्हणजे बौद्ध देशांतही याविषयी एकमत नाही. परंतु पाय हा शरीराचा खालचा भाग आणि मूर्तीकडे पाय करू नये, ही भावना तेथे आहे तशीच आपल्या विहारांतही आहे. तेव्हा ज्येष्ठांना वाईट वाटले, त्यात वावगे नव्हते. त्यांची वाणी मात्र सम्यक नव्हती, आणि आम्ही गप्प बसलो, हाही दोषच.

पालकांना दोन व्यावहारिक गोष्टी सांगायला हव्यात. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदणाऱ्याकडे मुलांना कदापि पाठवू नये. कावीळ ‘ब’ आणि ‘क’ तसेच एचआयव्ही यांचा संसर्ग त्यातून होऊ शकतो. दुसरे असे की, गोंदवल्यावर किंवा टोचून घेतल्यावर कित्येक महिने रक्तदान करता येत नाही. जयंतीच्या उत्साहात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गोंदवून घेणारा तरुण 14 एप्रिलच्या रक्तदान शिबिरातून परत पाठवला जातो. सैन्यभरतीतही गोंदणाच्या जागेवर निर्बंध असतात. मुलींचे कान टोचणे हा हौसेचा विषय आहे. मुलगी कळती झाल्यावर तिला विचारून ठरवावे.

उन्हाळी सुट्टीतील श्रामणेर शिबिरात मुंडनाच्या वेळी मुलांना केस, रोम, नखे, दात आणि त्वचा या पाच गोष्टींचे चिंतन सांगितले जाते. गोंदण याच त्वचेवर असते. तीही बदलणारी, सुरकुतणारी. त्या मुलानेही आठवीत असताना हे चिंतन केले होते. मी त्याला पत्र लिहिले तेव्हा त्याची आठवण करून दिली आणि लिहिले, की गोंदण पुसण्याची अट कोणी घालणार नाही, पूर्ण विजार घालून ये. तो आषाढी पौर्णिमेला आला. त्या ज्येष्ठांनीच सरकून त्याला शेजारी जागा दिली.