घट्ट बसली म्हणजे पक्की बसली नव्हे

कराडहून परत आलेला तो ठोकळा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. घरघंटीची मोटर स्विचशी जोडणारा, चार वायरींचा, साधा पांढरा टर्मिनल ब्लॉक. पांढरा म्हणजे एकेकाळी. एका बाजूचं घर भाकरीच्या करपलेल्या कडेसारखं तपकिरी झालंय, पितळेवर काळी पुटं, आत पिठाची भुकटी जळून चिकटलेली. ‘दळण टाकलं की जळका वास येतो, मला आधी वाटलं ज्वारीच खराब लागली,’ असं त्या घरच्या काकूंनी सांगितलं होतं. ठोकळा घेऊन आलेला सर्व्हिसवाला जुना वायरमन. त्याने तो माझ्यासमोर ठेवला, करंगळीचं नख स्क्रूच्या खाचेत घातलं आणि स्क्रू आरामात फिरवून दाखवला. ‘साहेब, बघा.’ पुढे काही बोलला नाही.

तो स्क्रू कारखान्यात कचकचून आवळलेला होता, हे मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरलो. ते खरंच होतं, आणि माझ्या अज्ञानाचा पुरावाही तोच होता.

झालं होतं असं. माझ्या पहिल्या नमुन्यात स्क्रूचं टोक थेट वायरीवर यायचं. वायर 1.5 चौरस मिलिमीटरची, मल्टिस्ट्रँड, केसांसारख्या बारीक तारांची. फिरतं टोक त्या तारा पिळायचं, दोनचार तुटायच्या, एखादी बाहेर डोकवायची. असेंब्लीवरच्या मुली वैतागल्या. मग तोडगा मीच काढला: टोकं आधी झाळून घ्या, म्हणजे तारांची एकसंध काडी होईल. झालीही. काडी सरळ आत जायची, स्क्रू झकास बसायचा, हाताने ओढून बघितली तर हलायची नाही. भोसरीतल्या आमच्या छोट्या शेडमध्ये त्या आठवड्यात मी मोठा इंजिनीअर होतो.

सोल्डर हा दाबाखाली गप्प बसणारा धातू नाही. कथील-शिशाचं नेहमीचं 63-37 सोल्डर 183 अंशांना वितळतं. केल्विनमध्ये मोजलं तर 456. आपली खोली 300 केल्विनच्या आसपास. म्हणजे नुसत्या खोलीत ठेवलेलं सोल्डर वितळण्याच्या वाटेवर दोनतृतीयांश चालून आलेलं असतं. त्यावर सतत दाब राहिला की ते सरकत राहतं, डोळ्यांना दिसत नाही इतकं सावकाश. स्क्रू जागचा हललेला नसतो, त्याच्याखालची काडी चपटी होत गेलेली असते. वर दळताना घरघंटीची थरथर. सांधा सैल झाला, रोध वाढत वाढत अर्ध्या ओहमवर गेला आणि मोटर सहा अँपिअर ओढत असली, तर त्या चिमुकल्या पितळी घरात 18 वॅट उष्णता तयार होते. ज्याने आम्ही टोकं झाळत होतो ते सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं होतं.

शिवाय सोल्डर तारांच्या फटींतून वर चढून आवरणाच्या आत जातं. जिथे ते संपतं तिथे वायर एकदम ताठाची मऊ होते, आणि थरथरीत नेमकी तिथेच तुटते. परत आलेल्या मालात अशाही दोन वायरी निघाल्या.

सगळ्यात बोचलं ते पुढेच. घरगुती उपकरणांसाठीच्या आयईसी 60335-1 या मानकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: जिथे वायर दाबून धरायची, तिथे तिच्या तारा झाळून एकत्र करू नका, करायच्याच असतील तर सोल्डर सरकूनही सांधा बिघडणार नाही अशी रचना हवी. आपलं आयएस 302 त्याच धर्तीवरचं. दोन्ही माझ्या कपाटात होती, प्लास्टिकच्या वेष्टनात.

तेव्हा कनेक्टर डिझाइन करायला बसणाऱ्यांना सांगणं एकच. आज किती आवळलं याला फारसा अर्थ नाही. तांबं थोडं दबणारच, गरम-गार होताना फुगणार-आकसणारच. पकडणारा भाग त्याच्या मागे मागे जाऊन दाब टिकवतो का, हे बघा. म्हणजे रचनेत कुठेतरी स्प्रिंगचा गुण हवा. जर्मनीतल्या मिंडेनच्या वागो कंपनीने 1977 साली आणलेला केज क्लॅम्प याच तत्त्वावर चालतो; वायर धरायला स्क्रूच नाही, स्प्रिंग आहे. स्क्रूच ठेवायचा असेल तर त्याच्या आणि वायरीच्या मध्ये किंचित लवणारी प्रेशर प्लेट टाका. फिरतं टोक तारांना लागता कामा नये.

बारीक तारांना टोपण घाला. इथे एक गंमत आहे. आपल्या पॅनेलवाल्यांकडे ‘फेरूल’ मागितलं तर ते वायरीवर चढवायचे नंबरांचे मणी काढून देतात. हवं असलेलं तांब्याचं टोपण ‘पिन लग’ म्हणून मागावं लागतं. आणि ते पक्कडीने दाबू नका. योग्य क्रिंपिंग टूलने दाबलेला लग आडवा कापून, घासून भिंगाखाली धरा: गोल तारा एकमेकींना दाबून षटकोनी झालेल्या दिसतात, मधाच्या पोळ्यासारख्या, मध्ये फट नाही. पक्कडीने दाबलेल्यात काळ्या फटीच फटी. आयईसी 60352-2 प्रमाणे 1.5 चौरस मिलिमीटरच्या क्रिंपने 150 न्यूटन ओढ सोसली पाहिजे. पंधरा लिटरची भरलेली बादली टांगा, तेवढंच होतं.

स्क्रूच्या टर्मिनलसाठी आयईसी 60999-1 मधली चाचणी मला जास्त आवडते, कारण ती आधी वायरीला छळते. 1.5 च्या वायरीला 400 ग्रॅम वजन टांगून तिला 135 फेरे द्यायचे, आणि मगच मिनिटभर 40 न्यूटनने ओढायचं. मी काय केलं होतं? नव्या कोऱ्या ठोकळ्यातली वायर हाताने एकदा ओढून बघितली होती.

आणि वायरीचं आवरण वेगळं धरा, ग्लँडने म्हणा किंवा क्लिपने. कोणी घरघंटी वायर धरून सरकवली तर ती ओढ तांब्यापर्यंत पोचायला नको. लोक सरकवतातच, माझ्या घरीही सरकवतात.

प्रेशर प्लेट आणि क्लिप घातल्यावर ठोकळा सव्वा रुपयाने महागला. घरघंटीच्या कारखानदाराने ती वाढ मान्य करायला चार महिने लावले.