मोटारीतील पेटी कोठे लपवावी?

आजच्या डिझेल मोटारीत इंजिनाला किती इंधन द्यावयाचे हे एक छोटा संगणक ठरवितो. इंधन एका जाड नळीत मोठ्या दाबाखाली साठविलेले असते. तेथील संवेदक हा दाब ० ते ५ व्होल्टच्या दरम्यानच्या इशाऱ्याने संगणकाला कळवितो. बाजारात मिळणारी ‘ट्यूनिंग बॉक्स’ नावाची पेटी या दोघांच्या मध्ये बसते आणि खऱ्यापेक्षा थोडा कमी दाब पुढे कळविते. संगणकाला दाब अपुरा वाटतो व तो दाब वाढवितो. इंधन अधिक जाते, जोर वाढतो. पण धूर आणि इंजिनावरील ताणही वाढू शकतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा फेरफार मालकाला करता येत नाही. तेव्हा पेटी घेण्यापूर्वीच विचार करावा.

अशी पेटी किंवा दुसरे एखादे जास्तीचे उपकरण आत बसविताना मालकाची इच्छा एकच असते : पेटी दिसू नये, तारा लोंबू नयेत. पण जी वस्तू दिसत नाही तिच्यावर आपली नजरही राहत नाही. म्हणून जागा निवडण्याचे काम डोळ्यांवर न सोपविता पदार्थविज्ञानावर सोपवावे.

प्रथम उष्णता पाहू. उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीत काचेतून सूर्यप्रकाश आत येतो व काळा डॅशबोर्ड तापतो. त्याने तापविलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही. उन्हाळ्यात डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. साधे इलेक्ट्रॉनिक घटक पुष्कळदा ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठीच बनविलेले असतात. म्हणजे काचेखालची जागा बाद झाली.

मग गालिच्याखाली? तेथे ऊन नाही, हे खरे. परंतु पेटी स्वतःही थोडी तापते, आणि जाड गालिचा म्हणजे तिच्या अंगावरची गोधडीच. उष्णता बाहेर पडत नाही. पावसाळ्यात ओल्या चपलांचे पाणीही तेथेच झिरपते.

आता आसनाखालची जागा पाहू. येथे धोका तारेला आहे. मोटारीचे धातूचे अंग बॅटरीच्या ऋण अग्राला जोडलेले असते. आसन पुढेमागे सरकविताना त्याच्या रुळावर तार घासली आणि वेष्टन फाटले, तर धन अग्राकडून आलेली तार थेट ऋण अग्राला भिडते. गणित करून पाहा. समजा, तार तांब्याची, ५ मीटर लांब आणि ०.५ चौरस मिलिमीटर छेदाची आहे. तिचा रोध सुमारे ०.१७ ओम भरतो. बॅटरी १२ व्होल्टची. ओमच्या नियमाने प्रवाह १२ ÷ ०.१७, म्हणजे सुमारे ७० अँपिअर; आणि शक्ती १२ × ७० = ८४० वॅट! (बॅटरीचा अंतर्गत रोध येथे सोडून दिला आहे.) घरातील इस्त्रीएवढी उष्णता त्या बारीक तारेत, तीही गालिच्याखाली! आग लागण्यास आणखी काय हवे?

यावरचा उपाय म्हणजे फ्यूज. पण तो कोठे असावा? पेटीजवळ बसविला तर वाटेत घासलेल्या तारेचा प्रवाह त्याच्यातून जातच नाही, आणि तो वितळतही नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तसेच इंजिनाकडून आत येताना तार पत्र्याच्या भोकातून जाते, तेथे रबराची कडी बसविलीच पाहिजे. नाहीतर पत्र्याची धार वेष्टन कापते.

आणखी एक पथ्य आहे. अपघातात हवेची पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात फुगते. तिच्या झाकणावर किंवा वाटेत पेटी असेल, तर ती दगडासारखी अंगावर येईल. पायाच्या पट्ट्यांजवळ लोंबणारी तारही तितकीच घातक.

मग उरते काय? बहुधा डाव्या बाजूच्या सामानाच्या कप्प्यामागील पोकळी : सावलीतली, कोरडी, थोडी हवा खेळणारी. पेटी तेथील पक्क्या आधाराला घट्ट बांधावी, म्हणजे ती हादऱ्यांनी सुटणार नाही. मात्र काही गाड्यांत त्या बाजूलाही हवेची पिशवी असते. म्हणून ही जागा जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावी आणि काम त्यानेच करावे.

करून पाहा : दोन सारख्या पेल्यांत सारखेच कोमट पाणी घ्या. एक पेला टॉवेलात गुंडाळा. अर्ध्या तासाने दोन्हींचे तापमान मोजा. गालिच्याखालच्या पेटीचे काय होत असेल, ते कळेल.

विचार करा : वरच्या उदाहरणात तारेचा छेद १ चौरस मिलिमीटर केला, तर प्रवाह किती होईल? जाड तार घेतली म्हणजे फ्यूजची गरज संपते काय?