कानस आपटणारा मुलगा

प्रश्न : आयटीआयच्या फिटर वर्गातला एक मुलगा जरा बोललं की कानस आपटून निघून जातो. त्याचं नाव कमी करावं का? – एक निदेशक

उत्तर : नाव कमी करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनुसार एक तृतीयांश मानसिक विकार वयाच्या १४व्या वर्षाआधी सुरू होतात; म्हणजे तुमच्याकडे येण्याआधीच अनेकांनी हा त्रास अंगावर काढलेला असतो. हा मुलगा नेमका केव्हा भडकतो, ते आठवडाभर टिपून ठेवा. माप चुकल्यावर सगळ्यांदेखत बोलल्यामुळे असेल, तर चूक त्याच्या व्हाइसपाशी जाऊन हळू आवाजात दाखवा. बाकीची मुलं याला लाड म्हणतील. पण सुरक्षेचे नियम त्यालाही तेच राहतात, बदलते ती सांगण्याची रीत. तुम्ही डॉक्टर नाही, हेही खरंच. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलि-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.